पगाराचं पाकीट ते बेकारभत्त्याची रांग: ब्रिटिश सिनेमातला कामगार लोकांना केव्हा आवडला?

तिसरी घंटा

ब्रिटिश कामगारपटांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन मिनिटांत दिग्दर्शक केन लोचपाशी पोचते आणि तिथेच मुक्काम ठोकते. करडं आभाळ, कौन्सिलची (सरकारी भाड्याची) घरं, सरकारी खिडकीमागचा निर्विकार कारकून. मग कुणीतरी हमखास विचारतं, असले सिनेमे बघतं कोण? प्रश्न रास्त आहे. पण एके काळी तिकडे कामगार नायकाचे सिनेमे धो धो चालत होते, हे आपण विसरतो. म्हणून हा धागा.

१९६० च्या ऑक्टोबरात 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' लागला. दिग्दर्शक कारेल राइस, कादंबरी आणि पटकथा ॲलन सिलिटोची. नायक आर्थर सीटन, म्हणजे आल्बर्ट फिनी, नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर असतो. पहिल्याच दृश्यात तो नग मोजतोय, ९५४, ९५५, मध्ये एक शिवी. नगावर मजुरी, आठवड्याला चौदा पौंडांच्या वर. शनिवारी रात्री फक्कड सूट घालून पबमध्ये पैजेवर बिअर ढोसतो, जिन्यावरून गडगडत खाली येतो आणि कारखान्यातल्याच एका सहकाऱ्याच्या बायकोकडे रात्र काढायला जातो. सेन्सॉरने 'एक्स' ठोकलं, म्हणजे तेव्हा सोळाच्या आतल्यांना मज्जाव. तरी (किंवा म्हणूनच) सिनेमा तुफान चालला. वर्षभर आधी 'रूम ॲट द टॉप' असाच गाजला होता आणि सिमोन सिन्योरेला ऑस्कर देऊन गेला होता.

आता माझं म्हणणं. आर्थर गरीब नाही. हे गरिबीचे सिनेमे नव्हतेच. त्याच्या बापाच्या पिढीने मंदी पाहिली, युद्ध पाहिलं. पोराच्या हातात शुक्रवारी पगाराचं पाकीट येतं, घरात टीव्ही आहे. त्याचा राग पोटातून आलेला नाही, तो 'बस, एवढंच?' असा आहे. शेवटी तो माळावर बसून नव्या घरांच्या वसाहतीकडे दगड भिरकावतो आणि शेजारी बसलेली त्याची मैत्रीण डोरीन त्याच घरांकडे बघत संसार मांडत असते. थिएटरातल्या पोरापोरींना हे आपलं वाटलं, आणि तिकिटाचे पैसेही त्यांच्या खिशात होते.

१९८० नंतर नायकाचं ते पाकीटच गेलं. खाणी, पोलाद कारखाने, गोद्या एकेक करत बंद. ज्यांनी हे गंभीरपणे मांडलं ते सिनेमे महोत्सवांत आणि टीव्हीवर गेले. ज्यांनी त्यावर हसवलं, वाजवलं, नाचवलं त्यांनी पैसा केला. 'द फुल मॉन्टी' (१९९७) सुमारे ३५ लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभरातून २५ कोटी डॉलरच्या वर घेऊन आला. तोही शेफील्डच्या, पैशासाठी स्टेजवर कपडे उतरवणाऱ्या बेकार पोलाद कामगारांचाच सिनेमा! म्हणजे कामगार नको झाला असं नाही. रिकाम्या खिशाचा कामगार रडताना बघायला लोक खिशातले पैसे काढत नाहीत, एवढंच.

पटत नसेल तर ठोका.

लेथमास्तर

घंटाताई, सिनेमातलं मला फार कळत नाही, पण चिंचवडला लेथवर जन्म गेला म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो. ते पहिलं दृश्य खोटं नाही. फिनी नट आहे हे त्याच्या हातांकडे बघून कळत नाही. नग काढला, पुढचा चढवला, नजर भलतीकडेच. नवशिका असतो तो टूलकडे टक लावून बसतो, मुरलेला माणूस आवाजावर काम करतो.

आणि आर्थर मनातल्या मनात म्हणतो ना, की जोर लावला तर निम्म्या वेळात उरकेन पण मग हे लोक मजुरी कापतील, ते तर शंभर टक्के. आमच्याकडे टाइम स्टडीवाला स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राहिला की सगळ्या शॉपचे हात आपोआप जड व्हायचे. हे बाहेरून बघणाऱ्याला सुचणार नाही. लिहिणारा आतला असणार.

तिसरी घंटा

मास्तर, आतलाच होता. सिलिटोने नॉटिंगहॅमच्या रॅली सायकल कारखान्यात पोरवयात काम केलं होतं आणि चित्रीकरणही तिथेच झालं.

उगाच एक

पगाराचं पाकीट वगैरे ऐकायला छान आहे, पण साधं कारण सोडून तुम्ही अवघड कारण शोधताय. आकडे बघा. ब्रिटनमध्ये १९४६ साली १६० कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. १९६० साली सुमारे ५० कोटी. १९८४ साली ५ कोटी ४० लाख. नायकाच्या खिशात काय होतं हा पुढचा प्रश्न, इथे प्रेक्षकच उठून घरी गेलाय. कामगार वस्त्यांमधली थिएटरं बंद पडून त्यांचे बिंगो हॉल झाले.

घरी काय होतं? तुमचा सिनेमा ऑक्टोबर १९६० चा ना? ९ डिसेंबर १९६० ला मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका सुरू केली. त्याच विटांच्या चाळवजा घरांची रांग, तोच कोपऱ्यावरचा पब, तीच भांडणं, आणि फुकट. आजही चालू आहे. पुढे १९६६ च्या नोव्हेंबरात बीबीसीवर लोचचीच 'कॅथी कम होम' ही टीव्हीफिल्म लागली. घर जातं, मग नवरा-बायकोची ताटातूट, शेवटी स्टेशनवर तिच्या हातातली मुलं हिसकावून नेतात. सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी पाहिली, देशभर चर्चा झाली. पंधरवड्याने बेघरांसाठी 'शेल्टर' ही संस्था सुरू झाली, तिलाही या वातावरणाचा फायदा मिळाला. रडणारा कामगार बघायला लोक तयार नव्हते, असं कसं म्हणता? त्यासाठी बस पकडून थिएटरात जायला तयार नव्हते.

तिसरी घंटा

टीव्हीचा मुद्दा अर्धा मान्य. पण टीव्ही सगळ्यांनाच आडवा आला, मग बाँड कसा चालला? गंमत म्हणजे 'डॉ. नो' (१९६२) च्या दोन निर्मात्यांपैकी हॅरी सॉल्ट्झमन हा 'सॅटरडे नाइट'च्याही निर्मात्यांपैकी एक. टोनी रिचर्डसन आणि जॉन ऑस्बर्न यांच्याबरोबर वुडफॉल कंपनी काढणारा तोच. लेथवरून थेट मार्टिनीवर! १९६३ मध्ये वुडफॉलने त्याच फिनीला घेऊन 'टॉम जोन्स' काढला. अठराव्या शतकातली रंगीत धमाल, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. त्याच वर्षी लिंडसे अँडरसनचा 'धिस स्पोर्टिंग लाइफ' आला. खाणीतून रग्बीत आलेला, कुणावर प्रेम कसं करावं हे न कळणारा दांडगा माणूस. रिचर्ड हॅरिसने जीव ओतलाय. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तिकीटबारीवर आपटला. चार वर्षांत वारं फिरलं होतं. लोकांना आता लंडन, रंग आणि गाणी हवी होती.

फुकट फौजदार

एक मुद्दा कुणीच काढत नाहीये. हे सिनेमे काढणारे कोण होते? अँडरसन बंगळूरला जन्मलेला, लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, पुढे ऑक्सफर्ड. रिचर्डसन ऑक्सफर्ड. राइस केंब्रिज. या मंडळींच्या सिनेमांत एक शॉट ठरलेला असायचा, टेकडीवर उभं राहून खाली धुराड्यांचं गाव बघायचं. समीक्षकांनीही त्याची टर उडवली आहे. गावात राहणारा माणूस असा टेकडीवर जाऊन गाव बघतो का कधी? कामगार हा यांच्यासाठी देखावा होता. दोन-चार वर्षं नवलाई टिकली, ओसरली, विषय संपला. लोचपण ऑक्सफर्डच.

रीळ क्र. ७

फौजदारसाहेब, लोच ऑक्सफर्डचा खरा, पण ननीटनला जन्मलेला, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनचा मुलगा. शिष्यवृत्त्यांचा काळ होता तो.

घंटाताई, तुमच्या सिद्धांताला खरी अडचण मागच्या काळातून येते. १९३० च्या दशकात ब्रिटनचे सगळ्यात लाडके तारे कोण? रॉचडेलची ग्रेसी फील्ड्स आणि विगनचा जॉर्ज फॉर्मबी. दोघंही लँकेशायरचे, गिरणी आणि खाणीच्या मुलखातले, बोलीही तिथलीच. 'सिंग ॲज वी गो' (१९३४) मध्ये गिरणी बंद पडते, ग्रेसी कामासाठी सायकलवरून ब्लॅकपूल गाठते, शेवटी गिरणी सुरू होते आणि ती गात गात सगळ्यांना घेऊन कामावर जाते. म्हणजे 'फुल मॉन्टी'चा साचा साठ वर्षं जुना आहे.

इथपर्यंत तुमचंच खरं वाटतं. पण दुसरी बाजू बघा. वॉल्टर ग्रीनवुडची 'लव्ह ऑन द डोल' ही सॅल्फर्डच्या बेकारीवरची कादंबरी १९३३ ची. तिचं नाटक जोरात चाललं. सिनेमा काढायचं ठरल्यावर १९३६ मध्ये सेन्सॉर बोर्डाने पटकथेलाच नकार दिला. सिनेमा आला १९४१ साली, तोही युद्धामुळे बेकारी संपल्यावर! लोकांना गंभीर बेकारी नको होती की दाखवूच दिली नाही? हिट-फ्लॉपचा हिशोब मांडताना पडद्यापर्यंत न पोचलेले सिनेमे कुठल्या रकान्यात टाकायचे?

लोचच्या 'केस' (१९६९) चं तेच. पैसा अमेरिकन युनायटेड आर्टिस्ट्सचा, पण यॉर्कशायरच्या खाणपट्ट्यातल्या बार्न्सलीची बोली कुणाला कळणार म्हणून वितरणात कुरकुर. काही संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले, आणि लंडनच्या आधी उत्तरेत लावला.

यॉर्कशायर पुडिंग

मी बार्न्सलीजवळच राहते, त्यामुळे 'केस'चं नाव निघाल्यावर गप्प बसणं शक्य नाही. गावात सिनेमातला शाळकरी नायक बिली आणि त्याच्या ससाण्याचा पुतळा आहे. कामावरची माणसं, ज्यांनी आयुष्यात महोत्सवाचं तोंड पाहिलेलं नाही, त्यातले संवाद घडाघडा म्हणून दाखवतात.

आणि कुठले संवाद? फुटबॉलच्या तासाचे. पीटीचे मास्तर मँचेस्टर युनायटेडचा लाल शर्ट घालून मैदानात उतरतात, स्वतःला बॉबी चार्ल्टन जाहीर करतात. खेळाडूही तेच, पंचही तेच. पोराला ढकलून पाडतात, स्वतःलाच पेनल्टी देतात, गोलकीपरने अडवली तर तो आधीच हलला म्हणून परत मारतात. बिली चड्डी नसल्यामुळे भलत्याच मापाची घालून गोलपोस्टला माकडासारखा लटकलेला. पोट धरून हसतो आपण. सामना संपल्यावर तेच मास्तर गोल सोडल्याचा राग काढायला बिलीला शॉवरखाली कोंडतात, गरम पाणी बंद करतात, दाराशी पोरं उभी करतात. तेव्हा मघाचं हसू घशात अडकतं. ते काम करणारा ब्रायन ग्लोव्हर बार्न्सलीत खराच शिक्षक होता, शिवाय कुस्तीगीर.

म्हणून घंटा, तुझी 'हसवणारे चालले, रडवणारे पडले' ही विभागणी मला मान्य नाही. इथली माणसं दोन्ही एकाच दमात करतात.

अजून एक. १९६९ मध्ये बिलीला शाळा सांगते की बाबा तुझ्यासाठी खाणच आहे, आणि तो म्हणतो मी खाणीत जाणार नाही. 'ब्रास्ड ऑफ' (१९९६) मध्ये तीच खाण राहावी म्हणून अख्खं गाव जिवाचं रान करतंय. मधे फक्त २७ वर्षं. ज्याच्यावरून तो सिनेमा सुचला ते ग्राइमथॉर्प इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या खाणीच्या बँडने १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. सिनेमात बँडमास्तर झालेला पीट पोसलथ्वेट शेवटी करंडक नाकारून सरकारला सुनावतो, ते भाषण बघ. ही कॉमेडी म्हणून विकली गेली!

चिंचगुळ

सगळा धागा पुरुषांनी भरलाय. आर्थर, बिली, बाँड, बँडमास्तर. :)

'अ टेस्ट ऑफ हनी' (१९६१) कुणालाच आठवू नये? सॅल्फर्डच्या शेला डिलेनीने एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं नाटक. शाळकरी पोरगी, तिला टाकून नवीन मित्राबरोबर जाणारी आई, कृष्णवर्णीय खलाशापासून राहिलेले दिवस, आणि तिची काळजी घेणारा समलिंगी मित्र. समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होते तेव्हा, १९६७ पर्यंत. रीटा टशिंगम आणि मरे मेल्विन दोघांनाही कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं. इथे टेकडी नाही, कालव्याचा काठ आहे. फौजदारांचा 'बाहेरून बघणं' हा आक्षेप दिग्दर्शकाला लागू होईल, डिलेनीला नाही.

मग अँड्रिया डनबार, ब्रॅडफर्डच्या बटरशॉ वसाहतीतली. शाळेत असतानाच नाटक लिहू लागली. तिच्या नाटकांवरून ॲलन क्लार्कने 'रीटा, स्यू अँड बॉब टू' (१९८७) केला. प्रचंड वाह्यात, प्रचंड विनोदी, आणि मधेच पोटात गोळा आणणारा. तिला 'आमच्या वस्तीची बदनामी केली' म्हणून शेजारपाजारचे शिव्या घालत. १९९० मध्ये गेली, २९ वर्षांची होती. लोकप्रियतेचा हा पण एक कोपरा आहे, ज्यांच्यावर सिनेमा निघाला त्यांना तो आवडला का? ते तिकीटबारीवर दिसत नाही.

आणि खाणगावातल्या बॅले शिकणाऱ्या पोराचा 'बिली इलियट' (२०००) माझ्या डोक्यात जातो, सांगून टाकते. खाण कामगारांचा संप हरतो, बाप खाली मान घालून खाणीत परत उतरतो, आणि आपण टाळ्या कशाला वाजवतो, तर एक पोरगा गावातून सुटला म्हणून. अख्ख्या गावाचा प्रश्न एका पोराच्या उडीत निकालात काढला.

यॉर्कशायर पुडिंग

चिंचगुळ, 'बिली इलियट'वर वाकडं बोलायचं असेल तर माझ्याकडे चहाला येऊन बोल. बाप संप मोडून कामावर जायला बसमध्ये चढतो, पोराच्या ऑडिशनच्या पैशांसाठी, आणि मोठा मुलगा त्याला अडवतो. त्या फाटकाशी दोघं रडतात तिथे अख्खं गाव आहे. बाकी डनबारबद्दल +१.

गिरणीचा भोंगा

छान चाललाय धागा. ओम पुरीला विसरू नका. 'अर्धसत्य'मधला आपला वेलणकर 'ईस्ट इज ईस्ट' (१९९९) मध्ये सॅल्फर्डला फिश अँड चिप्सचं दुकान चालवतो. बायको इंग्रज, घरभर पोरं, आणि सगळ्यांची लग्नं आपणच ठरवणार हा हट्ट. ब्रिटनमध्येच एक कोटी पौंडांच्या वर धंदा केला. त्याआधी 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' (१९८५) चॅनल फोरच्या पैशातून टीव्हीसाठी १६ मिमीवर काढलेला, एडिंबरा महोत्सवात लोकांनी उचलून धरला म्हणून थिएटरात आला. म्हणजे उगाच एक म्हणतात तसा टीव्ही नुसता वैरी नव्हता, पोसणाराही तोच होता. १९८२ नंतर चॅनल फोर नसतं तर यातलं निम्मं निघालंच नसतं.

अवांतर: १९८२ च्या संपानंतर गिरणगावावर आपल्याकडे किती सिनेमे निघाले? जयंत पवारांच्या 'अधांतर'वरून 'लालबाग परळ', अजून?

तिसरी घंटा

भोंगासाहेब, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. इथे घुसवलं तर दोन्हीचा खिमा होईल.

रीळ, न पोचलेल्या सिनेमांचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर विचार करतेय. पुडिंग, 'केस' विनोदी आहे हे कबूल, पण तो शेफील्ड-बार्न्सलीत घरोघरी पोचला आणि 'फुल मॉन्टी' मुंबईपर्यंत, हा फरक उरतोच. बेकारभत्त्याच्या रांगेतलं दृश्य आठव. रेडिओवर डोना समरचं गाणं लागतं, आणि रांगेतल्या माणसांचे आधी खांदे हलतात, मग पाय, चेहरे मात्र मख्ख. त्याला सबटायटल लागत नाही. लोचच्या 'रिफ-रॅफ' (१९९१) ला अमेरिकेत इंग्रजीसाठी इंग्रजी सबटायटल द्यावी लागली!

लेथमास्तर

एक शंका. आता फिनीसारखे नट का दिसत नाहीत? इंग्रजी सिनेमात आजकाल जो तो राजवाड्यात वाढल्यासारखा बोलतो.

रीळ क्र. ७

मास्तर, नेमकं बोललात. फिनी सॅल्फर्डच्या एका बुकीचा मुलगा, त्याच काळातला नट टॉम कोर्टने हलच्या गोदीत बोटी रंगवणाऱ्याचा. दोघंही लंडनच्या राडा नाट्यशाळेत शिकले. तेव्हा गुणी मुलांना सरकारी अनुदानावर शिकता येत होतं. अनुदानं आटली, १९९८ पासून विद्यापीठांत फी आली, गावोगावच्या नाटक कंपन्या रोडावल्या. लंडनमध्ये बिनकामाचे महिने काढायचे तर घरून पैसा लागतो. ज्युली वॉल्टर्ससारख्या नटीने हे जाहीरपणे बोलून दाखवलंय. म्हणून दिग्दर्शिका अँड्रिया आर्नल्डला 'फिश टँक' (२००९) ची नायिका टिलबरी स्टेशनवर सापडली, मित्राशी कडाकडा भांडताना.

फुकट फौजदार

आणि लोचचा 'आय, डॅनियल ब्लेक'? (२०१६). कानचं सर्वोच्च पारितोषिक, पेपरात रकानेच्या रकाने, पार्लमेंटात उल्लेख. मला तो सिनेमा कमी आणि निवेदन जास्त वाटला. सरकारी माणूस एकजात दुष्ट, गरीब एकजात गुणी.

चिंचगुळ

एकजात नाही. ॲन नावाची बाई त्याच भत्त्याच्या ऑफिसात असते, डॅनियलला मदत करते म्हणून बॉसची बोलणी खाते. नीट बघा.

आणि फूड बँकेचं, म्हणजे गरजूंना फुकट शिधा मिळतो तिथलं, दृश्य निवेदन आहे? पिशवी भरता भरता केटी, म्हणजे डॅनियलशी मैत्री झालेली तरुण आई, वळते, कपाटाशी उभं राहून डबा फोडते आणि हातानेच खायला लागते. मुलांना घालून स्वतः उपाशी राहिलेली. ब्रिटनमध्ये ३० लाख पौंडांच्या वर कमाई झाली, लोचच्या मानाने फारच मोठी. शिवाय क्लबांत, हॉलमध्ये खेळ झाले ते वेगळेच. रिकाम्या खिशाचा माणूस रडताना बघायला लोक गेलेच की, घंटाताई.

तिसरी घंटा

गेले, नाकारत नाही. पण 'फुल मॉन्टी'ने ब्रिटनमध्येच ५ कोटी पौंडांच्या वर केले होते. तीसला पन्नास-साठ लाख जोडले तरी अंतर मिटत नाही.

उगाच एक

तुम्ही अजून तिकिटंच मोजताय. २०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर 'ॲडोलसन्स' ही मालिका आली. यॉर्कशायरमधलं घर, बाप प्लंबर, तेरा वर्षांच्या पोरावर खुनाचा आळ, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. जगभर पाहिली गेली, पंतप्रधान स्टार्मर यांनी शाळांत दाखवायच्या कल्पनेला पाठिंबा दिला. १९६६ ला 'कॅथी'चं झालं तेच. बापाचं काम करणारा स्टीफन ग्रॅहम तर लिव्हरपूलजवळच्या कर्बीचा, मास्तरांना हवा तसा नट. कामगारपट लोकप्रिय आहेच, पत्ता बदललाय.

तिसरी घंटा

आणि त्या प्लंबरची स्वतःची व्हॅन आहे, धंदा बरा चाललाय, घर नीटनेटकं. रिकाम्या खिशाचा नाही तो! मी माझा मुद्दा सोडत नाहीये. :)

उगाच एक

सोडू नका, पण त्या व्हॅनवर पोरं काय रंगवून जातात तेही बघा.

लेथमास्तर

'फुल मॉन्टी' रविवारी नातवाबरोबर बघायचा विचार आहे. चालेल ना? अकरावीत आहे.

यॉर्कशायर पुडिंग

मास्तर, खुशाल बघा. शेवटची पाच मिनिटं राहिली की त्याला पाणी आणायला पाठवा. किंवा तुम्हीच जा.